दर्भाच्या सात काड्या

देवाच्या दारात मत्सर करणारी बाई मी, हे आधीच सांगून टाकते. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात महादेवाचं देऊळ आहे. श्रावणभर तिथली गळती भरण्याचा मान आमच्या घराचा, आणि घरात थोरल्या सुनेचा. गळती म्हणजे पिंडीच्या वर साखळीने टांगलेलं तांब्याचं भांडं. त्याच्या बुडातल्या भोकातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडतं. सकाळी भरली की संध्याकाळच्या आरतीपर्यंत थेंब तुटू द्यायचा नाही. सासूबाईंच्या मागे अठरा वर्षं मी तो तुटू दिला नाही. मग दोन वर्षांपूर्वी उजवा खांदा धरला. आधी वेणी घालता येईना, मग बाहीत हात जाईना, आणि श्रावण लागला तेव्हा हात छातीच्या वर उठत नव्हता. डाव्या हाताने देवाला पाणी कसं घालायचं? मान धाकट्या जावेकडे, सुरेखाकडे गेला.

सुरेखा वाईट असती तर मला बरं झालं असतं. ती रोज तांब्या घेऊन दारात थांबायची आणि विचारायची, "अक्का, जाऊ का?" त्या विचारण्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती दोरीवर धुणं टाकायची, फळीवरचा डबा काढायची, आणि मी ओसरीवर बसून तिचा वर जाणारा हात बघत राहायची. अठरा वर्षं सेवा माझी आणि हात मात्र हिचा शाबूत ठेवलास, असं महादेवाला रोज सुनावायची. नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाला नवसही बोलले होते. त्यात खांदा बरा कर एवढंच नव्हतं, सुरेखाच्या आधी माझा हात गळतीला लागू दे, असंही होतं.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. सुरेखाने भरलेली गळती दुपारीच कोरडी पडू लागली. बिचारी भर उन्हात दुसऱ्यांदा पाणी घेऊन जायची, कधी तिसऱ्यांदाही. देवळात म्हातारी माणसं म्हणू लागली, "थोरलीच्या हाताला व्हतं ते हिच्या हाताला न्हाई." ते कानावर आलं त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. गळती का कोरडी पडते ते मला ठाऊक होतं. भोकात दर्भाच्या सात काड्यांची जुडी घट्ट बसवावी लागते, तेव्हा पाणी हळू झिरपतं. सासूबाईंनी हे मला एकटीला शिकवलं होतं, आणि मी ते तोंडातून काढलं नाही.

याच दिवसांत मी वसमतला फिजिओथेरपीला जात होते. डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय, शुगर असलेल्यांना हे जास्त होतं, हळूहळू मोकळं होईल, असं तिने समजावलं. शेक द्यायचा, वाकून हात लोंबता सोडून हलवायचा, भिंतीवर बोटांनी वर चढायचं. घरी मी बोटं पोचतील तिथे भिंतीला कुंकू लावायची. पंधरा दिवस झाले तरी कुंकू त्याच जागी. डॉक्टर माझं कोपर धरून हात उचलू लागली की मी अंग ताठ करायची. ती म्हणायची, "काकू, हात माझ्याकडे द्या." मी म्हणायची, "दिला की." ती हसायची. "कुठं दिलाय?"

तिसऱ्या सोमवारी दुपारी गल्लीत बांगड्यावाली आली. आमची नेहमीची नव्हे. ही मणियारांची एक म्हातारी, कधी न पाहिलेली. श्रावणात नव्या बांगड्या भरायची आमच्यात रीत. सुरेखाने म्हातारीच्या मांडीवर हात टाकला तो टाकलाच, आणि बघता बघता डझनभर बांगड्या चढल्या. माझी पहिलीच बांगडी बोटांच्या सांध्यांवर अडली. दुसरी फुटली. म्हातारी रागावली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हात माझ्याकडं दिला ना बाई? मग परत काहून वढून राहिली? तकलीफ तुलाच व्हती."

वसमतची डॉक्टर रोज हेच सांगत होती. समोर सुरेखा उन्हाकडे बघत होती, देवळात पुन्हा पाणी घेऊन जायची वेळ झाली का म्हणून. मला एकदम स्वतःची लाज वाटली. मी म्हणाले, "सुरेखा, गळतीच्या भोकात दर्भ घालावा लागतो. सात काड्या. मी मुद्दाम सांगितलं न्हाई तुला."

तिची नजर उन्हावरून माझ्यावर आली. मग म्हणाली, "तुमाला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मी उन्हात जायची तवा बी?"

"तवा बी."

तिने डोळे पुसले, तांब्या उचलला आणि म्हणाली, "चला, दाखवा मग." उठताना माझा हात किणकिणला म्हणून मी खाली पाहिलं. बोलण्याच्या नादात बाराही बांगड्या माझ्या हातात चढल्या होत्या. म्हातारी पुढच्या दारात हाक देत होती.

देवळात आम्ही दोघींनी जुडी बसवली. मी तांब्या उचलला, तर हात गळतीच्या वीतभर खाली थांबला. मी म्हणाले, "कोपर धर गं." तिने धरलं आणि मी हात तिच्यावर सोडून दिला. दुखलं, पण हात वर गेला. आरतीपर्यंत थेंब तुटला नाही.

ती म्हातारी पुन्हा आली नाही. नेहमीच्या बांगड्यावालीला विचारलं, तर तिच्याही ओळखीची निघाली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाली, "आज दिलात बघा हात." तिथून खांदा सुटायला दिवाळी उलटून गेली, व्यायाम एक दिवस चुकवला नाही. नागनाथाला जाऊन त्या नवसाची माफी मागितली आणि बरा झालेला हात जोडून नमस्कार केला. आता हात पुरता वर जातो, तरी गळती सुरेखाच भरते, मी दर्भ निवडून देते. तिच्या हाताकडे बघून पोटात अजूनही कधी जळतं. मग मी तिला विचारते, "सुरेखा, येऊ का?" आणि ती माझ्यासाठी थांबते.