चपलेतली वाळू

मुलगी मुंबईत नोकरीला लागली त्या वर्षीच्या दिवाळीत मी तिच्या चपला तपासल्या. ती न्हाणीत होती, चपला दारात होत्या. एक उचलून उलटी केली, फरशीवर आपटली. काही पडलं नाही. दुसरीही आपटली. तीही स्वच्छ.

दर रविवारी संध्याकाळी समुद्रावर जाते, असं ती फोनवर सांगायची. एकटीच जाते, आधी मेट्रो, मग बस. त्या वेळात फोन केला तर वाजत राहायचा, उचलायचं कुणी नाही. वाऱ्यामुळं ऐकू येत नाही, म्हणायची. मी पिठाची गिरणी चालवते. डब्यात हात घातला की गहू कालचा आहे की मागच्या सालचा, ते मला कळतं. तिच्या सांगण्यात असाच हात घालून बघावा, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आम्ही कोल्हारची, प्रवरेच्या काठची माणसं. वाळू काय चीज आहे ते आम्हाला सांगायला नको. नदीवर जाऊन आलं की घरभर वाळू होते. अंथरुणात होते, डोक्यात होते, चपलेच्या शिवणीत तर आठ-आठ दिवस राहते. आणि ही पोरगी दर आठवड्याला समुद्रावर जाते आणि चपलेत कण नाही.

दीर ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांनी सगळं बघितलं.

"वहिनी, वाळू न्हाई ना?"

"धुतल्या असतील."

"धुतल्यात तर! कशापायी धुईल? मी तवाच म्हनलो हुतो, पोरगी एवढ्या लांब नका धाडू. समुद्राच्या नावाखाली कुठं जाती कुनाला ठावं."

नवरा काही बोलला नाही. तो गप्प बसला की त्याला भावाचं पटलेलं असतं. मलाही अर्धं पटलं होतं, ते मी दाखवलं नाही एवढंच. ठरलं असं, की मी मुंबईला जायचं, तिच्याबरोबर त्याच रस्त्यानं समुद्रावर जायचं, आणि खोटं निघालं तर नोकरी सोडायला लावून सामानासकट घेऊन यायचं. त्यासाठी मी घरातली सगळ्यात मोठी बॅग रिकामीच घेतली आणि दिवाळी करून ती परत गेल्यावरच्या शनिवारी सकाळच्या एसटीत बसले. रात्री ठाण्याला बहिणीकडं राहिले.

तुझा समुद्र बघायचाय, असं फोनवर सांगितलं होतं, म्हणून रविवारी दुपारी मुलगी घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनखाली भेटली.

"मम्मी, एवढी मोठी बॅग कशाला?"

"असू दे."

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

हे अगदी खरं होतं, पण तिचा विश्वास बसला नाही. वर गेल्यावर बॅग तपासणीच्या मशीनमधून पलीकडं गेली आणि तिथल्या बाईनं ती बाजूला काढली. चेन उघडून आत हात घातला, तळ चाचपला, कप्पे उघडले. मग माझ्याकडं बघितलं.

"रिकामी आहे?"

"हो."

"मग नेताय कशाला?"

मागं रांग थांबली होती. मी संशय घ्यायला निघालेली बाई, आणि संशय माझ्यावरच. मुलीनं मध्ये पडून सांगितलं, "गावाकडून आल्यात, येताना खरेदी करायची आहे." थाप मारताना ती अडखळली नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

मेट्रोत मी तिच्याकडं बघत बसले. रोजच्या रस्त्यावरचा माणूस बाहेर बघत नाही. तीही बघत नव्हती. दार कोणत्या बाजूला उघडणार हे तिला आधीच माहीत होतं. ठीक. पण एवढं तर ऑफिसला जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

शेवटच्या स्टेशनला उतरून जिना उतरलो आणि तिथं ती पहिल्यांदा चुकली. बस थांबते म्हणून जिथं नेलं, तिथं पत्रे ठोकलेले आणि आत खड्डा.

"अगं, मागच्या रविवारी तर इथंच होता स्टॉप."

"होता का?"

"होता म्हणजे? मी इथूनच बसते."

"बरं."

माझं 'बरं' तिला लहानपणापासून माहीत आहे. तिचे कान लाल झाले. तिनं एका रिक्षावाल्याला विचारलं, त्यानं पुढं हात केला, आणि आम्ही उन्हात चालत निघालो. मी मनात सामान भरायला सुरुवात केली होती. गादी इथंच सोडायची, कपडे आणि भांडी न्यायची.

बस आली तेव्हा मी सवयीनं पुढं धावले, खिडकीतून हातातली पिशवी आत टाकून जागा धरायला. काचा बंद. एसी बस. पिशवी काचेवर आपटून माझ्याच पायावर पडली. आतली दोन माणसं हसली, मुलगीही हसली. त्या दुपारी ती तेवढीच हसली.

बसमधून उतरून एका बोळातून आत गेलो. बोळ संपला तिथं बुटका कट्टा होता, त्यापलीकडं वाळू आणि मग समुद्र. मला वाटलं होतं त्यापेक्षा पाणी मळकं होतं आणि माणसं खूप होती. कट्ट्याशी एक बाई थर्मासातून चहा विकत होती. मुलीला बघून तिनं हात हलवला.

"काय गं, आज कोणाला घेऊन आलीस?"

"मम्मी आहे, मावशी."

हीच वेळ होती. मुलगी सुटे पैसे शोधत होती तोवर मी त्या बाईजवळ सरकले. "ही नेहमी येते का? कुणाबरोबर असते?"

त्या बाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. आई असून असं विचारते, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"एकटीच असते, ताई. पर्स आणि चपला माझ्याजवळ टाकते, मावशी लक्ष ठेवा म्हणते, आणि जाते पाण्याकडं. किती वेळा सांगितलं, अगं काचा असतात वाळूत, चपला घालून जा. ऐकत नाही. त्या पर्समध्ये फोन वाजत राहतो, मी कंटाळते."

मी वळून बघितलं. मुलीनं चपला काढल्या होत्या. कट्ट्याच्या अलीकडं, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवल्या होत्या.

आमच्याकडं नदीत चपला घालून उतरत नाहीत. चपला घाटाच्या वरच्या पायरीवर काढायच्या, मग खाली वाळूत पाय ठेवायचा. ती चालायला लागल्यापासून मी तिला हे शिकवलं होतं. एकदा विसरली म्हणून पाठीत धपाटाही घातला होता. वाळू मी चपलेत शोधत होते. तिची चप्पल वाळूला लागतच नव्हती.

"परत आल्यावर पाय धुते, मगच घालते," चहावाली म्हणाली. "माझं पाणी संपवते."

मुलीनं ऐकलं होतं. "मम्मी, तू चौकशी करायला आलीस?"

"हो."

"काय संशय होता?"

"दिवाळीला तुझ्या चपलेत वाळू नव्हती."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिची नजर बॅगेवर गेली आणि तिला बॅग कळली.

"माझं सामान न्यायला आणलीस ही?"

"हो."

"आणि आता?"

"आता चहा घेऊ."

तिनं चहा घेतला, पण माझ्याकडं पाठ करून. तिचं बरोबर होतं. मी चहा संपवला आणि कपाळाला हात लावत बसले नाही, कारण त्यानं काही होत नाही. पलीकडं वाळूत बाटलीची फुटकी काच चमकत होती, ती मला दिसली.

"चपला घाल," मी म्हणाले.

"काय?"

"चपला घालून जा पाण्यात. ही आपली नदी नाही. पाय कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सुट्टी काढशील का?"

"तूच तर शिकवलं."

"मीच सांगते आहे, घाल."

तिनं घातल्या. मीही माझ्या घातल्या. कट्ट्याशी आल्यावर मी त्या कधी काढल्या होत्या, मला आठवत नव्हतं.

बॅग रिकामीच परत आणली. घरी सांगितलं, पोरगी समुद्रावरच जाते. दिरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, पण पटलं नाही. "तुमी गेल्ता म्हनून नेलं असंल," म्हणाले. नवरा पुन्हा गप्प.

संक्रांतीला मुलगी आली. ती आत जाताच मी दारातल्या तिच्या चपला उचलल्या आणि ओट्यावर दिरांच्या समोर आपटल्या. करड्या रंगाची बारीक वाळू फरशीवर पसरली, शिवणीतून अजून थोडी निघाली.

"वाळूचं काय," दीर म्हणाले, "आपल्या नदीवर बी लई पडलीय."

"मग चाटून बघा भाऊजी," मी म्हणाले, "खारट आहे का."

नवरा हसला. दिरांनी वाळूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चहाचा कप उचलून ते ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मी केरसुणी आणायला आत गेले.