भ्यालेल्या कोंबड्याची शेपटी

शेजारच्या कुंपणावर बँटम या बुटक्या जातीचा एक कोंबडा उभा आहे. छाती गोल, पाठ आखूड, शेपटी डौलात वर. मी खिडकीशी आलो की ती शेपटी हळूच खाली येते. पारखायला जवळ गेलं की जीव अंग चोरतो. मग आपल्याला दिसतं ते त्याचं रूप, की आपलीच धास्ती?

कोंबड्यांच्या प्रदर्शनांत मी अशा कोंबड्यांचा परीक्षक होतो. पक्षी पिंजऱ्यात रुळल्यावरच त्याची ठेवण बघायची, अशी रीत. एकदा घाईत मी प्रदर्शनाला आलेल्या सखूबाईंचा कोंबडा टोपलीतून काढल्या काढल्या पाहिला. "शेपटी पडकी. याला पैदाशीला ठेवू नका," म्हणालो.

"भ्यालाय तो, साहेब!" सखूबाई म्हणाल्या. "तुमच्यापुढं आम्हीसुद्धा असेच उभे राहतो की!"

सगळे हसले. मीही हसलो. त्याच आठवड्यात सखूबाईंच्या घरच्यांनी तो कापला.

शेजारचा कोंबडा पाहून मला उमगलं, त्यांच्या कोंबड्यात खोट नव्हती; हे परवा मी सखूबाईंना जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मला तेव्हाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "पण घरात माझं कोण ऐकतं? तुमचं ऐकलं."