तिसरं ताट

अठरा एप्रिल. सकाळी आठ वाजता मी मंगल कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर चार पितळी पराती चिंचेने घासत बसले होते. अकराच्या आत त्या आमच्या मांडेवालीकडे पोचवायच्या होत्या आणि घासायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. आत कुणाच्या तरी हळदीचं जेवण शिजत होतं. कुकरची शिट्टी झाली आणि मला हसू आलं. ती आत असती, तर पिठाने भरलेले तिचे दोन्ही हात एव्हाना डोक्याच्या वर गेले असते.

स्वयंपाकाच्या स्पर्धा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. घंटा झाली की सगळ्यांनी हात वर करायचे, मग ताटाला बोट लावायचं नाही. ती तिथे पाच भाग टिकली आणि तेवढ्यात तिला ही सवय जडली ती जडलीच. शिट्टी, शाळेची घंटा, एसटीचा हॉर्न, काहीही वाजलं की हात वर. एकदा वऱ्हाड दारात आलं, बँड सुरू झाला आणि हिच्या डावातलं वरण मागच्या वाढप्याच्या टोपीवर गेलं. मी रागावले, तर म्हणाली, "काय करू ताई, हात मन्हं ऐकतस नही."

शहाद्यातलं हे कार्यालय समाजाच्या मालकीचं आहे, पण किल्ल्या माझ्याकडे असतात. ती जवळच्या गावातली, जमीनजुमला असलेल्या घरातली सून. लग्नसराईत आमच्याकडे मांडे करायला येई. पुरण भरलेली छोटी पोळी दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. आमच्या भागात बऱ्याच बायकांना हे येतं, पण तिचा मांडा असा पातळ होई की हातावर असताना पलीकडची चूल दिसे. मीच एक दिवस फोनवर तिचा व्हिडिओ काढला आणि स्पर्धेचा फॉर्मही मीच भरला. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा ती पुरण वाटत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्हीच जा."

गेली मात्र तीच. नंदुरबारहून गाडीत बसली ती खापर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. नवऱ्याने ते बाकाखाली ठेवायला सांगितलं, तर म्हणे हिने त्यालाच बाकाखाली बसवलं.

प्रत्येक भाग आम्ही कार्यालयाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावून पाहिला. लग्नाला नसते एवढी गर्दी व्हायची. चार भाग बाई जोरात होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन एका परीक्षकाने डोळे मिटले, तेव्हा तिच्या गल्लीतल्या बायकांनी खुर्च्यांवर उभं राहून शिट्ट्या मारल्या. पाचव्या भागात मांडे होते, म्हणजे आता प्रश्नच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. परीक्षक तीन, ताटं तीन. घंटा झाली. तिचे हात वर. दोन ताटांत मांडे होते, तिसरं रिकामं. परीक्षकाने विचारलं, इथलं काय झालं? ती खाली बघून म्हणाली, राहिलं. स्पर्धेतून बाहेर.

परत आल्यावर पहिले सहा महिने तिला फुरसत नव्हती. मोबाइलच्या दुकानाची फीत कापली. बालवाडीच्या मेळाव्याला पाहुणी झाली. शाळेतल्या पाककृती स्पर्धेत परीक्षक म्हणून गेली, तर बावीस मुलींचे बावीस पदार्थ पूर्ण खाऊन आली. एक चमचा चाखून बशी सरकवणं तिला जमेना. पुढचे दोन दिवस ओव्याचं पाणी. एका लग्नात यजमानांनी तिची चूल थेट स्टेजवर मांडली, वर रंगीत दिवे. लोक रांगेने फोटो काढत होते आणि मांडे परातीत गार होत होते. शेवटी तिने माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, "पह्यले खाई ल्या. फोटू मंग काढा."

त्या स्पर्धकांचा फोनवर एक ग्रुप होता. ती मला त्यातल्या बातम्या सांगायची. जिंकलेला मुलगा कुकरच्या जाहिरातीत उभा राहतो. एक बाई बँकेत आपल्या जुन्या टेबलावर परत गेली. एकाने हॉटेल काढलं आणि आठ महिन्यांत बंद केलं. एक जण अजून रोज सकाळी स्पर्धेतला आपला फोटो टाकतो आणि बाकीचे त्याला नमस्कार पाठवतात. "आनि तू?" मी विचारलं. तिने लगेच सांगितलं, जणू उत्तर तयारच होतं. प्रकाशा या तीर्थाच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या शेताचा एक तुकडा आहे. तिथे छप्पर टाकायचं, गावातल्या तीन बायका घ्यायच्या आणि देवदर्शनाहून येणाऱ्यांना गरम मांडे वाढायचे. बोलताना ती ओट्यावर कणीक घेऊन आराखडाच काढायला लागली. इथे चुली, इथे बाकं, इथे हात धुवायला नळ.

अडलं होतं सासऱ्यांपाशी. जमीन आबांच्या नावावर. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या घरून कुणी उपाशी गेलं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. आणि सगळ्या तालुक्याने त्यांच्या सुनेच्या पुढ्यातलं रिकामं ताट पाहिलं. दुसऱ्याच दिवशी चौकात कुणीतरी टोमणा मारला, "आबा, तुमना घर तिसरा पाव्हना उपाशी जास का?" तेव्हापासून आबांनी तिच्या हातचा मांडा खाल्ला नाही. भाकरी खात, पोळी खात, मांडा आला की ताट बाजूला. छपराचं विचारलं तर म्हणाले, टीव्हीवर दाखवलं ते पुरे, आता रस्त्यावर नको.

खरं काय झालं ते मला एका दुपारी कळलं. मी सरळ विचारलं होतं की तासाभरात तीन मांडे होत नाहीत असं कसं. तिने वाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "तीन व्हयी ग्यात ताई. त्यामाधला पह्यला आईना व्हता."

आई म्हणजे सासू. मांडे तिनेच शिकवले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने विस्तवावर घास टाकतात, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. सासू गेल्यापासून ही दर वेळी खापरावरचा पहिला मांडा तिच्या नावाने बाजूला काढते, सण असो नसो. स्पर्धेतही काढला. घडी घालून टेबलाखाली, फडक्यात. चौथा हातावर झुलत असताना शेवटचे दहा आकडे मोजायला सुरुवात झाली. वाकून पहिला उचलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. तिने उचलला नाही.

मी म्हटलं, मग आबांना सांग की. तर म्हणाली, सांगितलं तर आईमुळे हरले असं होईल. तुम्हीही सांगू नका. मी मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. कबूल केलेलं मी मोडत नाही, म्हणून कबूलच करत नाही.

मार्चमध्ये आबा एका लग्नाला कार्यालयात आले. पंगतीत मांडा वाढला, त्यांनी ताट सरकवलं. मी वाढप्याला थांबवलं, शेजारची खुर्ची ओढली आणि दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मग हळूच म्हणाले, "आनि त्या मांडानं काय व्हयनं?"

मी सांगितलं, बाहेर पडल्यावर तिने तो तिथल्या भिंतीवर ठेवला. मुंबईचे कावळे क्षणात खाऊन गेले.

आबांनी उपरण्याने नाक पुसलं. "लगेच खादा?"

"लगेच."

त्यांनी ताट पुढे ओढलं. दोन मांडे खाल्ले, वर तूप मागून घेतलं. हात धुताना मला म्हणाले, "रस्तावरला तुकडामा छप्पर टाकू दे तिले. सांग." मी म्हटलं, ती वीस पावलांवर आहे, तुम्हीच सांगा. गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. चुलीपाशी गर्दी होती आणि माझ्याकडे आइस्क्रीमवाला भांडत होता.

तर अठरा तारखेला मी पराती रिक्षात घालून प्रकाशाच्या रस्त्याला पोचले. माझ्याआधी तिथे दोन बस उभ्या होत्या. पत्रा नवा कोरा, बाकं भरलेली, तीन बायका लाटतायत आणि ती खापरावर. बोलायला उसंत नाही, घाम पुसायला उसंत नाही, पण चेहरा असा की मला उगाच हसू येत होतं. एका प्रवाशाने आबांना विचारलं, टीव्हीवाली बाई हीच का? आबा पाण्याचे पेले मांडत होते. "टीव्हीनं माले काय माहीत नही. मन्ही सून शे ती. बसा."

मला बसायला वेळ नव्हता, संध्याकाळी साखरपुडा होता. मी उभ्याउभ्या तिच्या कानाशी ओरडून विचारलं, आठवड्यावर दोन लग्नं आहेत, मांडे कोण करणार? तिने हातावरचा मांडा झुलवतच सांगितलं. म्हसावदला मावसबहीण आहे, हात चांगला आहे. "पन ताई, तिनासंगे जोरमा बोलू नका. ती रडस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी म्हसावदला गेले. घर विचारत विचारत सापडलं. दारात उभी राहिले आणि मला जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, मांडे करायला येशील का.