दिलेल्या मापाची शीग

माझ्या थोरल्या नणंदबाईंइतकं व्याज कळणारं माणूस साताऱ्यापासून सांगलीपर्यंत झालं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. सहीच्या जागी अंगठा उठवायच्या, पण समोरच्याचा हिशेब त्याच्या आधी संपवायच्या. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईला कऱ्हाड यायच्या आत विचारायच्या, "घर बांधलंसा? कर्ज काढून? किती टक्क्यानं?" बाजारात शेर जाऊन किलो आले, तरी वन्संनी आपलं शेराचं माप सोडलं नाही. उसनी ज्वारी परत येताना मापावर शीग हवी, म्हणजे वर निमुळता ढीग; तेच त्यांचं व्याज. एकीनं चार शेर नेले, दोन लवकर फेडले, उरलेले दोन महिन्यानं आणले आणि त्यांवर शीग मात्र चारांची! वन्संनी जादाची ज्वारी तिच्याच पदरात ओतली. "दिलेल्या मापाची शीग मी खाऊ व्हय गं?"

आम्ही तेव्हा सांगलीत दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. हे हळदीच्या पेढीवर दिवाणजी. जागा घेतली होती, बांधायला दहा वर्षांचं कर्ज हवं होतं. बँक आठ टक्के सांगत होती आणि ओळखीचा एक सावकार सहा. घरासकट सगळं गहाण पडणार होतं. मी वन्संना पत्र टाकलं. त्या सावकाराकडे सही करायच्या दिवशी सकाळीच हजर.

"आक्का, सहा कमी का आठ, एवढं तरी कळतं ना?" हे म्हणाले.

"कळतंय की. चल, मी बी येते."

सावकारानं चहा मागवला. वन्संनी कपाला हात लावला नाही. "आवं, पाच वर्षांत निम्मं फेडलं, तर फुडं व्याज कशावर?"

"मूळ रकमेवर. शेवटपर्यंत."

"आन् बँकेत?"

"राहिलेल्या रकमेवर," ह्यांनी सांगितलं आणि सहीसाठी उघडलेलं पेन मिटलं.

"ऊठ गड्या," वन्सं म्हणाल्या. "ह्ये दिलेल्या मापाची शीग मागत्यात."

घरी ह्यांनी वहीत मांडून पाहिलं. दरसाल सारखी मुद्दल फेडली, तर दहा वर्षांत सावकाराचं व्याज शेकड्याला साठ रुपये आणि बँकेचं चव्वेचाळीस! वरचा कागदपत्रांचा खर्च, आगीचा विमा, सगळं धरूनही बँकच स्वस्त. मला तर गल्लीत पेढे वाटावेसे वाटले.

पण खरं भांडण पुढेच. वन्सं म्हणाल्या, कर्जाएवढा आयुष्याचा विमाही काढ. हे उसळले. "मी मरायची वाट बघतेस होय?"

वन्सं कधी आवाज चढवायच्या नाहीत. "तुजं दाजी रजेवर आलं, जोतं बांधलं आन् तापानं गेलं. कर्ज ऱ्हायलं, इमा न्हवता. जोत्यासकट जागा इकली मी. हिच्यावर ती पाळी नगं, एवढंच."

ह्यांनी विम्याच्या अर्जावर सही केली.

वास्तुशांतीला जो तो ह्यांचं कौतुक करत होता. मी प्रत्येक पंगतीत सांगत सुटले, "हे घर आमच्या वन्संनी हिशेबानं उभं केलंय हो!" जेवायला त्यांना शोधू लागले, तर त्या मागच्या खोलीत एकट्याच, नव्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या होत्या.

"लय गार हाय गं," एवढंच म्हणाल्या. हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही. मीही मग त्यांच्या शेजारी उभी राहिले.