कासवाची एकादशी

आमच्या भावकीत पहिला बी.एस्सी. मी. सांगलीला राहून प्राणिशास्त्र शिकलो आणि पास झालो. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही. पण लढाईच्या दिवसांतल्या एका उन्हाळ्यात, घरच्या अंगणात, एका कासवानं त्या पदवीची पार अब्रू घालवली.

कासव सापडलं वडिलांना. मोट ओतली तशी पाण्याबरोबर ते थारोळ्यात पडलं. त्यांनी पटक्यात गुंडाळून घरी आणलं. देवळात शिरताना दगडी कासवाला हात लावून पुढं जाणारी माणसं आम्ही. जिवंत कासव दारी आलं म्हणजे देवच आला. आईनं तुळशीजवळच्या पाण्याच्या दगडी डोणीत त्याला सोडलं आणि हळदकुंकू वाहिलं.

निकाल घेऊन मी गावी आलो तेव्हा ते सुजून बसलं होतं. मागचे पाय आत ओढता येईनात. शी बंद.

"खायला काय घालतेस?"

"दूधभात. एकादशीला वरीचा भात अन् शेंगदाण्याची आमटी."

मी कपाळाला हात लावला. "आई, ते किडे, गोगलगाई खाणारं जनावर आहे."

"देवाला किडं? जीभ झडंल तुझी!"

"आपण मटण खातो ते?"

"आपण काय देव हाय व्हय?"

वडील ओसरीवरून म्हणाले, "येवढं शिकलास, अन् एका कासवाचं पोट साफ करता येईना? देव दारात मेला तर गावाला काय तोंड दावू?"

कराडला गुरांच्या डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले, "बैलाचं असलं तर बोला." परत येतो तो आई एरंडेलाची वाटी घेऊन डोणीपाशी बसलेली. वाटी दिसली की कासव मान आत घ्यायचं. तेवढी अक्कल त्या घरात फक्त त्यालाच होती.

उपाय साधा होता. पोटाला विश्रांती, कोमट पाणी आणि ऊन. पण मी पाठ फिरवली की डोणीत भात तरंगायचा. आतड्यांचं चित्र काढून दाखवलं, ते आईनं बाजूला सारलं. शेवटी वैतागून म्हणालो, "त्यानं कडक उपास धरलाय. तू मोडू नकोस."

आईनं लगेच हात जोडले. माझी चार वर्षांची विद्या जिथं हरली, तिथं हे एक वाक्य चाललं. याचा राग मला कासवाच्या दुखण्यापेक्षा जास्त आला.

मी रोज त्याला घमेल्यात कोमट पाण्यात ठेवत होतो. एका सकाळी पाणी गढूळ झालं, त्यात न पचलेले शेंगदाण्याचे तुकडे. कासवानं पाय आत ओढले. मी ओरडलोच.

आई चुलीपासून उठून आली, हातात भरलं ताट. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तूप.

"हे कुणाला?"

"देवाला. उपास धरल्यावर सोडाया नको?"

मी कासव उचललं आणि तडक कोयनेची वाट धरली. मागून आईची हाक, "आरं, उपाशी न्हेऊ नगंस त्येला!" मी थांबलो नाही. काठावर ठेवताच ते सरळ पाण्यात शिरलं.

घरी आलो तर ताट तसंच झाकलेलं. आई तोंड फिरवून म्हणाली, "आता तूच खा."

खाल्लं, रागारागानं. पोळी लय झकास होती. पण ते मी तिला सांगितलं नाही.