लाँचवरचं पान

आमची वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, भिंगं बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?" हे तिच्या अंगात इतकं मुरलंय की घरीही तिचं एका उत्तरावर समाधान होत नाही. भाजी खारट झालीय म्हटलं तर दुसऱ्या कोणाला तरी चाखायला लावते. माझा भाऊ याला कंटाळून गप्प बसायला शिकला. मी काही शिकले नाही.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती ऑनलाइन ज्ञानकोशात लिहीत बसते. फुकट. तिथे कोणीही लिहावं आणि कोणीही ते खोडावं, असा कारभार. पहिल्यांदा तिने आमच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयाबद्दल लिहिलं, की हे गावातलं सगळ्यात जुनं वाचनालय. तासाभरात कोणीतरी ते काढून टाकलं आणि विचारलं, "कशावरून?" वहिनीने कळवलं, "सगळ्यांना माहीत आहे." पलीकडून उत्तर, "सगळ्यांना कोणी सांगितलं?"

मी असते तर त्या माणसाला चार शब्द सुनावून लॅपटॉप मिटला असता. वहिनी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन चौकशी करून आली. दारावरच्या पाटीवरचं साल वाचनालयाचं नव्हतंच, इमारतीचं होतं. वाचनालय तिथे बऱ्याच उशिरा आलेलं. एवढं तोंडावर पडल्यावर माणूस नाद सोडेल की नाही? हिला उलट गोडी लागली.

मग तिने नदीपार जाणाऱ्या जुन्या लाँचवर पान लिहायला घेतलं, आणि मी म्हटलं, "त्यात बाबांचं लिही."

बाबांचं म्हणजे असं. माझे बाबा त्या लाँचवर खलाशी होते. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी भरलेली लाँच धक्क्याजवळ कलंडली. बाबांनी पाण्यात उडी घेतली आणि सात जणांना बाहेर काढलं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मी लहानाची मोठी झाले तीच त्या खलाशाची मुलगी म्हणून. शाळेत बाई मला उभं करून वर्गाला सांगायच्या, आणि मी ते मिरवायचे, खोटं कशाला बोलू. बाबा मात्र विषय निघाला की उठून बाहेर जायचे. आम्ही म्हणायचो, केवढा साधा माणूस.

वहिनी म्हणाली, "छापील आधार लागेल. आणि सासऱ्यांबद्दल सून लिहितेय, हे मला तिथे आधी सांगावं लागेल."

"सांग की. चोरी आहे का?" मी कपाटातून तीन कात्रणं काढून तिच्यापुढे ठेवली. तीन वेगळी वर्तमानपत्रं, तीन वेगळी वर्षं. आता बोल म्हटलं.

दोन दिवसांनी ती बोलली. "ही तीन नाहीत गं. एकच आहे. तिन्हींत लाँच सकाळी कलंडलीय. तेव्हा सकाळची फेरीच नव्हती, दुपारनंतर सुरू व्हायची. एकाचं चुकलं आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतलं. पहिलं कात्रणसुद्धा अपघातानंतर दहा वर्षांनी छापलेलं आहे."

"म्हणून गोष्ट खोटी?"

"तसं नाही म्हणत मी. आमच्या दुकानात बाकडं पडद्याला लागून आहे. आतला माणूस अक्षरांचा तक्ता वाचतो ते बाहेरचे ऐकतात. मग तिसऱ्याला ढिम्म दिसत नसलं तरी तो शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवतो. म्हणून मी दोन तक्ते ठेवलेत."

मला तिच्या त्या तक्त्यांचा असा राग आला की सोय नाही. बाबांची जन्माची कमाई, आणि ही बाई तिला भिंगं लावून बघतेय.

सुट्टीच्या दिवशी ती मोठ्या ग्रंथालयात गेली. तिथे जुनी वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली असतात. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशीची बातमी तिला सापडली. तिची प्रत घेऊन ती घरी आली आणि मला आधी खाली बसवलं.

बातमीत लिहिलं होतं, की एका खलाशाने सात जणांना वाचवलं. सहा प्रवासी, आणि सातवा त्याचा जोडीदार, जो डोक्याला मार लागून बुडत होता. वाचवणाऱ्याचं नाव वाचलं. ते बाबांचं नव्हतं. ते होतं लंबूकाकांचं, बाबांच्या लाँचवरच्या सोबत्याचं. मी त्यांच्याबद्दल फक्त ऐकलं होतं, मी शाळेत जायच्या आतच ते वारले. बुडणारा जोडीदार म्हणजे माझे बाबा.

"तिकडे तीन आहेत, इकडे एक," मी म्हटलं. "ती तीन लाव आणि मोकळी हो."

"हा बातमीदार त्या दिवशी धक्क्यावर होता. दोघांशी बोललाय."

"मग काहीच लिहू नकोस. आणि हे बाबांना दाखवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"लिहीत नाही," वहिनी म्हणाली. "पण त्यांच्यापासून लपवणारही नाही. त्यांचं आहे ते."

माझा आवाज काही बारीक नाही. बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला, वहिनीने कागद दिला. उभ्याउभ्याच त्यांनी तो वाचला.

"लंबूचं नाव छापलं होतं तर," ते म्हणाले. "मला वाटलं, कुठेच उरलं नसेल."

"बाबा, मग ती कात्रणं?"

"पहिला पत्रकार आला तेव्हा लंबू जाऊन वर्षं झाली होती. मी सगळं नीट सांगितलं. छापून आलं उलटंच, त्याला जिवंत माणूस हवा असेल. तेव्हाच निघालो होतो त्याच्या कचेरीत. पायात चपला होत्या."

"मग गेला का नाहीत?"

"तेवढ्यात तू शाळेतून आलीस. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं. रस्त्यापासून ओरडत आलीस आणि माझ्या कमरेला मिठी मारलीस. मग नाही जाववलं."

मला आधी त्यांचाच राग आला. मग रडू आलं, आणि ते थांबेना. ज्या माणसाने बाबांना पाण्यातून ओढून काढलं नसतं तर मी जन्मालाच आले नसते, त्याचं नाव मी आयुष्यात एकदाही घेतलं नव्हतं.

वहिनीने लॅपटॉप उघडला, पण हात मांडीवरच ठेवले. "बाबा, तुमच्या बोलण्याचा आधार मला तिथे देता येत नाही. ही बातमीच लावावी लागेल."

"लाव," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघायला लागले. तीही माझ्याकडेच बघत होती.

मी डोळे पुसले आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. "लंबूकाकांचं नाव पूर्ण लिही," मी म्हटलं, "आणि खाली वाचलेल्यांत माझ्या बाबांचं."