आमच्या गावात कुणी मरत नाही

सरकारी तक्त्यावर विश्वास ठेवायचा, तर आमच्या गावात कुणी मरत नाही.

बेकारी विम्याच्या कचेरीत शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेआड तो तक्ता लावलेला असायचा. दर तीन महिन्यांनी नवा. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती लाभार्थी. लाभार्थी म्हणे! पहाटेपासून उभं राहून जिच्या पायांचे खांब झालेत ती बाई लाभार्थी. कामावरून काढलेले, आजारी, बाळंतिणी असे रकाने होते आणि शेवटचा रकाना मृत्यूचा. म्हणजे ज्याच्या पगारातून विमा कापला जायचा तो माणूस गेला, तर त्याच्या बायकोनं मागायचे पैसे. त्या रकान्यात शून्य होतं. त्याच्या आधीच्या तक्त्यातही शून्यच होतं.

एकदा प्रिटोरियाहून कुणी मोठा साहेब आला होता. तक्ता बघून आमच्या साहेबाला म्हणाला, "तुमच्याकडची हवा चांगली दिसते. मरतच नाही कुणी." दोघंही हसले. मी खिडकीपाशी बेकारीच्या पैशांच्या सहीसाठी उभी होते. आमच्यात माणसाला पुरतात ते शनिवारी, आणि ज्या वर्षी आमचा एक शनिवार मयतीवाचून गेला नाही, त्या वर्षातलं हे बोलणं. असा संताप आला की काय सांगू! पण तोंड उघडलं नाही, माझी सही अजून व्हायची होती.

त्या शून्याच्या आत माशेझी होती.

आमच्यात लग्न झालेल्या बाईला माहेरच्या आडनावानं हाक मारतात. ती शेझींची लेक म्हणून माशेझी, मी सिथोलेंची म्हणून मासिथोले. मी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची आणि ती कारखान्याच्या फाटकावर ग्विन्या तळायची, पिठाचे फुगलेले गोळे, आत आंब्याचं तिखट लोणचं. बाई कशी होती म्हणाल, तर तिचं हसणं भोंग्याच्या आधी ऐकू यायचं. आत शंभर मशिनी खडखडत असल्या तरी आम्हाला कळायचं की बाहेर कुणीतरी काहीतरी बोललं आणि माशेझी हसली. सुपरवायझर म्हणायचा, "त्या बाईला आवरा कुणीतरी, बायकांचे टाके चुकतात." आवरणार कोण? तिचा नवरा म्फानाफुथी वीटभट्टीचा ट्रक चालवायचा, महा घुमा माणूस. रोज सकाळी पहिली ग्विन्या तो खायचा आणि रोज एकच वाक्य बोलायचा, "मीठ कमी आहे." की ही लागली हसायला. वीस वर्षं तेच वाक्य आणि वीस वर्षं तेच हसणं.

त्या जानेवारीत घाटात धुकं होतं. ट्रक विटांसकट दरीत गेला. म्फानाफुथीला पुरलं, बैल कापला, लोक जेवून गेले आणि सासूनं माशेझीच्या अंगावर काळे कपडे चढवले. डोक्यापासून पायापर्यंत काळं, वर्षभर.

काळ्यातल्या बाईनं सूर्य उगवल्यावरच घराबाहेर पडायचं आणि मावळायच्या आत परतायचं. मोठ्यानं बोलायचं नाही, हसण्याचं तर नावच नको. टॅक्सीत मागचा बाक, चर्चमध्ये मागचा बाक. कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. तिच्या अंगावर अंधार असतो आणि तो दुसऱ्याला लागतो. मग तिच्या हातची ग्विन्या कोण खाणार? कढई पालथी पडली ती पडलीच. घरात तीन पोरं, म्हातारी सासू आणि पैसा यायची वाट एकच, तो विमा. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा आणि बायकोनं स्वतः येऊन अंगठा द्यायचा. सहा महिने उलटले, की हक्क गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग गेली का नाही? अहो, गेली ना. दर आठवड्याला गेली.

पण कचेरीत दिवसाला घ्यायचे ठराविक लोक. फाटक उघडायचं साडेसातला आणि रांग लागायची पहाटे तीनला. त्या वर्षी आमचा कारखाना बंद पडला, शेजारचा पडला, पोलादवाल्यांनी माणसं कमी केली. रेडिओवर म्हणायचे डर्बनला फुटबॉलचं मोठं मैदान बांधताहेत, देशाचे दिवस पालटणार. इथं आम्ही अंथरुणातलं गोधडं अंगावर घेऊन सहीसाठी उभे. माशेझी निघायची सूर्य वर आल्यावर, टॅक्सीचा मागचा बाक रिकामा मिळेपर्यंत दोन टॅक्स्या सोडायची आणि पोचायची तेव्हा रखवालदार फाटकाला कुलूप घालत असायचा. "उद्या लवकर या, ममा." ती मान हलवायची आणि परत फिरायची. कधी हुज्जत नाही, कधी कुणाला शिवी नाही. मीच शिव्या द्यायची तिच्या वाटच्या.

जून संपत आला तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बसले.

"अगं, एक दिवस काळं काढ. माझा तपकिरी कोट घाल, डोक्याला रुमाल बांध. कोण बघायला आलंय अंधारात?"

"तो बघेल," ती म्हणाली. काळ्यात गेल्यापासून तिचा आवाज असा बारीक झाला होता.

"तो बघून काय म्हणणार? मीठ कमी आहे म्हणेल!"

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं सासू खोकत होती. "मासिथोले, त्या बाईचा एकुलता एक मुलगा गेलाय. तिच्याकडे आता एवढंच उरलंय, माझं हे काळं."

मी हात टेकले आणि दुसरा रस्ता धरला.

आमच्या रांगेत विटांची पद्धत होती. आधी आलेल्यानं आपली वीट ओळीत ठेवायची, तिला काहीतरी खूण करायची, कुणी दोरा बांधायचं, कुणी बाटलीचं झाकण ठेवायचं. मग शेकोटीपाशी जाऊन बसा, शेजारच्याचीही वीट ठेवा, कुणाची हरकत नसे. ओळ सांभाळायचे बाबा म्बाथा, पोलाद कारखान्यातले जुने मुकादम. त्यांचे स्वतःचे विम्याचे महिने केव्हाच संपले होते, तरी रोज यायचे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घरी बायको विचारते आज काय केलंत. इथून गेलो की सांगायला काहीतरी असतं."

मुदत संपायला दोन दिवस होते. त्या पहाटे मी माझ्या विटेपुढे आणखी एक वीट ठेवली आणि तिच्यावर काळी चिंधी बांधली. ती येईपर्यंत सूर्यही येईल, आणि तिची जागा तयार असेल.

वेलाफी नावाचा एक पोरगेला बाप्या माझ्या मागे होता. त्यानं चिंधी पाहिली आणि दोन पावलं मागं सरला. "हे काय आहे, काकू? काळ्यातली बाई? आमच्या पुढं?"

"मग काय झालं? तुझ्या पाठीवर बसणार आहे का ती?"

"मला शुक्रवारी मुलाखत आहे. आठ महिन्यांनी पहिली. तो अंधार घेऊन जाऊ मी तिथं?"

"तुझं तोंडच पुरेसं आहे त्यांना घाबरवायला."

लोक हसले, पण सरकायला लागले. हसत हसतच सरकले. पुढचे पुढे झाले, मागचे मागे. कुणी वाईट नव्हतं हो त्यांत. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं तो उरलेल्या नशिबाला फार जपतो. बघता बघता काळ्या चिंधीच्या दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा झाली आणि त्या मोकळ्यात एक वीट आणि मी.

साडेसातला नवा रखवालदार बाहेर आला. ओळीवरून नजर फिरवत आला आणि मोकळी जागा दिसली तिथं थांबला. त्याला वाटलं, रांग इथंच संपली, पलीकडचे आपले असेच जमलेत. "आज इथपर्यंत," म्हणाला आणि आत गेला. आम्ही ओरडलो, फाटक हलवलं. मेलं ते फाटक, लोखंडाचं ते लोखंडाचंच.

माझी सही बुडाली. वेलाफीची बुडाली. निम्म्या रांगेची बुडाली. आणि नेमकी तेव्हा कोपऱ्यावरून माशेझी आली, कोवळ्या उन्हात, खाली मान घालून.

"आली बघा!" वेलाफी ओरडला. "हिची वीट! हिच्यामुळं!"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "जागा तुम्ही सोडलीत, तिनं नाही!"

माशेझीनं ती चिंधी बांधलेली वीट पाहिली. सगळं समजली असावी. माझ्या जवळ आली, पण हातभर लांबच थांबली. "उद्या माझी वीट ठेवू नकोस, मासिथोले."

"उद्याच शेवटचा दिवस आहे!"

"ठाऊक आहे. ठेवू नकोस."

मला वाटलं, हरली. खरं सांगते, घरी जाऊन मी रडले. तिच्यासाठी, माझ्या सहीसाठी, कशासाठी ते कळलं नाही.

दुसऱ्या पहाटे कडाक्याची थंडी होती, आमच्याकडे जून-जुलैतच हिवाळा. पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवून आम्ही भोवती बसलो होतो. विटा ओळीत होत्या. अजून काळोख होता. रस्त्यावर पावलं वाजली, पण माणूस दिसेना. शेकोटीच्या उजेडात आली तेव्हा दिसलं, काळा झगा, काळी शाल, काळा रुमाल. माशेझी. सूर्य उगवायच्या दोन तास आधी.

बाबा म्बाथा हळूच म्हणाले, "माशेझी, लेकी, सूर्य उगवला नाही गं अजून."

"ठाऊक आहे, बाबा."

आणि ती चालत राहिली. काय सांगू तुम्हाला, दिवसा काळ्यातली बाई दिसली तर लोक सरकतात, इथं तर अंधारात, नियम मोडून आलेली! रांगच फुटली. बायका लेकरांना शालीखाली घेऊन भिंतीकडे पळाल्या. वेलाफीनं मागं न बघता उडी मारली तो थेट गटारात, कमरेएवढ्या चिखलात. विटा तिथंच राहिल्या आणि माणसं गायब. फाटकापर्यंत सगळा रस्ता मोकळा. माशेझी त्या विटांच्या बाजूनं शांतपणे चालत गेली आणि फाटकाला पाठ लावून पहिली उभी राहिली.

मग तिनं गटारातल्या वेलाफीकडे पाहिलं. आणि हसली.

आधी नाकातून, मग पोटातून, मग ते जुनं, भोंग्याच्या आधीचं हसणं. सहा महिन्यांचं साठलेलं. थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि मग ते नुसतं पाणीच राहिलं.

बाबा म्बाथा उठले, गुडघे चोळले, लवंडलेल्या विटा सरळ केल्या. "रांग माशेझीपासून," म्हणाले, आणि स्वतः तिच्या मागे जाऊन उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "बाबा, अंधार लागेल." बाबा म्हणाले, "लागू दे. मला आता नोकरी देतंय कोण?" त्यांच्या मागे मी. माझ्या मागे हळूहळू एकेक. आणि सगळ्यांत शेवटी वेलाफी, चिखलानं माखलेला, शिव्या देत.

आत तिचं काम दहा मिनिटांत झालं. कारकून मुलगी भली होती. म्हणाली, "अहो ममा, आधी का नाही आलात?" माशेझीनं अंगठ्याची शाई शालीला पुसली.

सासूला दुपारपर्यंत कळलं, असल्या गोष्टी कळतातच. म्हातारी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काळोखात बाहेर पडलीस, मोठ्यानं हसलीस. मोडलं. आता आजपासून पुन्हा पहिला दिवस." सहा महिने झाले होते ते गेले. नव्यानं पूर्ण वर्ष.

मी तणतणत गेले होते भांडायला. माशेझीनंच मला दारात अडवलं. "राहू दे. पोरांचं भागेल."

पुढचा तक्ता लागला तेव्हा माझाही विम्याचा शेवटचा महिना होता. कामावरून काढलेल्यांचा आकडा खाली आला होता. साहेब खूश, म्हणे लोकांना कामं लागली. कामं कसली डोंबलाची, आमचे महिने संपले होते! आणि शेवटच्या रकान्यात, शून्याच्या जागी, एक. मी काचेवर त्या एकावर बोट ठेवलं.

"ए ममा, काचेला हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"ओळखीची आहे माझी," मी म्हटलं.

तिथून सरळ तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती, काळ्यातच. म्हटलं, "माशेझी, तू तक्त्यात आलीस. एक आहेस तिथं."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या बारीक आवाजात म्हणाली, "एकच? मग तो एक मी, की म्फानाफुथी?"

ऊन भिंतीवर चढलं होतं. तिनं भांडी गोळा केली, सूर्य कुठं आहे ते पाहिलं, आणि घरात गेली.